नडगीवाले डॉक्टर

नडगीवाले डॉक्टर माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघत. आधी पाय. वाशिमच्या सरकारी दवाखान्यात पेशंट आत आला की ते त्याच्या चालीकडे बघत बसत, मग टेबलावर झोपवून गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचं हाड टेपने मोजत. मनगट दुखतंय म्हणून आलेल्याचीही यातून सुटका नव्हती. एकाने वैतागून विचारलंच, तर म्हणाले, "हात दाखवाले आले तरी चालतच आले ना तुमी?" त्यांचं खरं नाव गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही ते दारावरच्या पाटीवरून कळलं.

माझा धाकटा भाऊ मिलिंद लहानपणी चिंचेवरून पडला आणि त्याची डावी नडगी मोडली. हाड जुळलं, पण तो पाय वाढताना मागे पडला. माय आणि मी त्याला अनसिंगहून डॉक्टरांकडे न्यायचो. त्यांनी दोन्ही नडग्या मोजल्या, खात्रीसाठी पुन्हा मोजल्या, आणि डाव्या चपलेला बोटभर जाड तळ लावून घ्यायला सांगितलं. माय हो हो म्हणाली. ती चप्पल कधी झालीच नाही. जाड तळ दिसला की पोराला लंगडा म्हणतील, मग सोयरीक कोण करणार, असं तिचं म्हणणं. मिलिंद डावी टाच उचलून चालायला शिकला. कुणी विचारलं तर माय सांगायची, त्याची चालच तशी आहे.

मोठा झाल्यावर कामाला म्हणून घरून गेलेला मिलिंद परत आला नाही. पोलिसांनी अंगावरची खूण विचारली तेव्हा माय म्हणाली, काही नाही. त्याचं लग्न अजून व्हायचं होतं.

पुढे आसेगावकडच्या एका नाल्यात हाडं सापडली आणि आम्हाला दवाखान्यात बोलावलं. डॉक्टर आता पिकले होते. हरवलेल्या माणसाची उंची ते फूट-इंचांत विचारत नसत, हाताने दाखवायला सांगत. मायने डोक्याच्या वर हात धरला. त्यांनी जमिनीपासून तिच्या हातापर्यंत मोजलं आणि त्यातून थोडं वजा केलं. मी बघतेय म्हटल्यावर हळूच म्हणाले, "माणूस हरवला की घरचे त्याले बोटभर उंच करतात."

मला काहीच वाटत नव्हतं. सहामाहीचे पेपर तपासायचे राहिलेत, एवढंच डोक्यात होतं. समोर पांढऱ्या कापडाखाली हाडं होती आणि मी त्या कापडाची शिवण बघत होते.

डॉक्टरांना मिलिंद आठवत होता. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं होतं, चिंचेवरून पडलेल्या पोराची बहीण ना तू? तरी मायपुढे ते स्वतःहून काही बोलले नाहीत. घरच्यांनी ओळख दिली तरच मायचं रक्त तपासणीला जाणार होतं, नाहीतर हाडं बेवारस म्हणून पुरली जाणार होती. आणि मायने ओळख दिली नाही, तर तिच्यापुरता तिचा पोरगा जिवंत राहणार होता. डॉक्टरांनी तिला स्टुलावर बसवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "पायात काही फरक होता का, माय?"

मायने कापडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. त्यांनी घाई केली नाही.

"डावा तोकडा होता," ती म्हणाली. "मी कोणालेच सांगतलं नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कापड बाजूला केलं.

रक्ताचा अहवाल यायला महिने गेले. तो मिलिंदच होता. डॉक्टर निवृत्तीला आले होते; हाडं ताब्यात घ्यायला गेलो ती आमची शेवटची भेट. हाडं गाठोड्यात बांधून देतात असं ऐकलं होतं. त्यांनी मात्र लाकडी पेटी मागवली होती आणि माणूस निजतो तशी हाडं त्यात स्वतः मांडली होती. दोन्ही पाय खालच्या फळीला टेकलेले होते. डाव्या पायाच्या आणि फळीच्या मध्ये कापसाची बोटभर जाड घडी होती. कुणी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. ते फक्त म्हणाले, "ते काढू नका. असंच न्या."

मायने ती घडी बोटाने चाचपून पाहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "चप्पल केली असती, तरी झालं असतं त्याचं लगन."