मावशींना मारलेली हाक

माझी मावशी इस्पितळातही मावशीच होती. बेडपॅन देणं, चादरी बदलणं, म्हाताऱ्यांना धरून संडासला नेणं, यात तिची अख्खी नोकरी गेली. डॉक्टरांपासून पेशंटपर्यंत सगळे तिला मावशी म्हणत. सख्खी भाची मी एकटी.

निवृत्तीनंतर छातीत दुखायला लागलं म्हणून तिला तिच्याच जुन्या वॉर्डात ठेवलं. औषधांनी रक्तदाब उतरला होता. नर्सने बजावलं, "एकट्याने उठायचं नाही, चक्कर येईल. घंटा वाजवा."

"मला शिकवतेस होय?" मावशी हसली. "पडणारा पेशंट मी तोंडावरून ओळखते." आणि लगेच शेजारच्या खाटेवर डाफरली, "ओ आजी, पाय खाली सोडू नका, पडाल!" लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! पडतात ते पेशंट आणि आपण काही पेशंट नाही, असा तिचा सरळ हिशेब. हाताला सलाइनची सुई, तरी दुसऱ्यांच्या उशा सारख्या करायला धडपडायची. मला अस्सा राग यायचा!

तिला घाई होती घरी जायची. तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली, पण स्वतःची. माझ्याकडे चल म्हटलं की म्हणायची, "पाय चालतायत तोवर कुणाच्या दारात यायची नाही मी." दोन दिवसांनी सोडणार होते.

दुपारी ड्युटीवरची आया जेवणाची ताटं उचलत होती. समोरच्या खाटेवरच्या बाईंनी हाक मारली, "मावशी, जरा पाणी द्या हो!"

"आले, आले," म्हणत मावशी उठलीसुद्धा. मी हात पुढे करेपर्यंत तिचे डोळे फिरले आणि ती कमरेवर आदळली.

खुब्याचं हाड मोडलं. हृदयाला भूल झेपणार नाही, डॉक्टर म्हणाले. म्हणजे ऑपरेशन नाही, म्हणजे पुन्हा उभं राहणं नाही. हे ऐकूनही ती रडली नाही. "मी उगाच नाही गं पडले. बोलावलं म्हणून गेले," एवढंच मला पुन्हापुन्हा सांगत राहिली. मी मान हलवायचे. दुसरं काय करणार?

समोरच्या बाई घरी जायला निघाल्या तेव्हा तिच्यापाशी आल्या. बिचाऱ्यांना रडू आवरेना.

"मी तुम्हाला नव्हतं हो बोलावलं, आजी. मी मावशींना बोलावलं होतं."

मावशीने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या संध्याकाळी तिने खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.