बोर्लीचं पोटॅशियम

पोटॅशियम सहा पॉईंट नऊ. स्क्रीनवर आकडा लाल झाला होता.

मी मशीनवरून हात काढायच्या आधीच सावंत सरांनी मोबाईल पुढे करून स्क्रीनचा फोटो काढला आणि ज्यांच्या पेशंटचं ते रक्त होतं त्या बोर्लीच्या डॉक्टरांना पाठवून दिला.

"सर, अजून व्हेरिफाय केलेलं नाही."

"क्रिटिकल व्हॅल्यू आहे प्राची. ताबडतोब कळवायची असते. तूच सांगतेस ना?"

हे खरं होतं, पण अर्धंच. जिवाला धोका दाखवणाऱ्या आकड्याला लॅबमध्ये क्रिटिकल व्हॅल्यू म्हणतात. तो डॉक्टरांना लगेच फोन करून कळवायचा असतो. मात्र आधी तो आकडा खरा आहे का, हे बघायचं असतं. आमच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्ट मॅडम सही करतात. त्या पनवेलला बसतात. सावंत सर लॅबचे मालक. त्यांचं शिक्षण कॉमर्सचं. माणगावात लॅब चालवायला कॉमर्स पुरतं. रक्त वाचायला पुरत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

रक्तातलं पोटॅशियम साधारण साडेतीन ते पाचच्या दरम्यान असतं. सातच्या जवळ गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हृदय थांबूही शकतं. त्यामुळे डॉक्टर वाट बघत बसत नाहीत. बोर्ली पंचतनच्या डॉक्टरांनीही बघितली नाही. त्यांचा निरोप आला : पेशंटला बोलावून घेतलंय, कॅल्शियम देतोय, मग इन्सुलिनचं ड्रिप, आणि गाडी तयार ठेवतोय.

पेशंट होते इब्राहिमचाचा. वय सत्तरच्या पुढे, डायबेटिस, ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू. आदल्या संध्याकाळी रुटीन तपासणीसाठी रक्त देऊन गेले होते.

इन्सुलिन दिलं की पोटॅशियम रक्तातून पेशींमध्ये जातं. उपचार बरोबरच आहे, पोटॅशियम खरोखर वाढलं असेल तर. वाढलेलं नसेल तर चांगल्या पोटॅशियमला खाली ढकलायचं, आणि साखरही खाली ढकलायची. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत हा खेळ नाही.

मी तोच सॅम्पल पुन्हा लावला. सहा पॉईंट आठ.

"झालं समाधान?" सावंत सर म्हणाले.

झालं नव्हतं. दुसऱ्यांदा तोच आकडा आला याचा अर्थ मशीन नीट मोजतंय. ट्यूबमध्ये जे आहे तेच चाचांच्या अंगात आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. सकाळी कंट्रोल लावलं होतं, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं असं द्रव मशीनला देऊन बघितलं होतं. ते बरोबर आलं होतं. मशीन निर्दोष.

मग मी ट्यूब उजेडात धरली. सुई नीट टोचली नाही किंवा ट्यूब जोरात हलवली तर रक्तपेशी फुटतात. त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि सीरम, म्हणजे वरचं पातळ पाणी, गुलाबी दिसतं. हे सीरम स्वच्छ पिवळसर होतं.

"सॅम्पल एक नंबर आहे," सर म्हणाले. "उगाच शंका काढू नकोस. कस्टमर तुटतो त्यानं."

पण चाचांचं क्रिएटिनिन नॉर्मल होतं. क्रिएटिनिनवरून किडनीचं काम कळतं. किडनी ठीक असताना पोटॅशियम एवढं सहसा चढत नाही, पण काही गोळ्यांनी चढतंही. म्हणून मी त्या सकाळी बोर्लीहून आलेले बाकीचे सॅम्पल काढले आणि सगळ्यांचं पोटॅशियम लावलं. त्यांच्या डॉक्टरांनी ते मागितलं नव्हतं. सर मागून बघत होते. "केमिकल फुकट येतं का?" मी पुढची ट्यूब लावली.

थायरॉईडसाठी आलेली एक तरुण बाई : सहा पॉईंट चार. तापाचा एक शाळकरी मुलगा : सहा पॉईंट सहा. लग्नाआधी तपासणी करून घेणारा एक धडधाकट माणूस : सहा पॉईंट पाच. मग माणगावातल्या दोन सॅम्पलवर तीच टेस्ट केली. दोन्ही चारच्या आसपास.

"सर, एका रात्रीत सगळ्या बोर्लीच्या जिवावर बेतलं का?"

त्यांनी ट्यूबांवरची लेबलं एकेक करून वाचली.

मी शबानाला फोन लावला. बोर्लीच्या कलेक्शन सेंटरवर ती एकटीच असते. रक्त घ्यायचं, लेबल लावायचं, डबा एसटीत ठेवायचा, हे तिचं काम. हात इतका हलका की म्हातारी माणसं तिचीच वाट बघतात.

"शबाना, कालचे सॅम्पल संध्याकाळच्या गाडीनं का नाही आले?"

"गाडीच आली न्हाय ताई. मग सकाळच्या पहिल्या गाडीला दिले."

"स्पिन करून ठेवले होतेस?"

"सेंट्रिफ्यूज बंद हाय ना. सरांना सांगितलंय मी. दोनदा."

मी सरांकडे बघितलं. ते कॅलेंडरकडे बघत होते.

"मग रात्रभर कुठे होते?"

"बर्फात!" तिच्या आवाजात अभिमान होता. "उघडे न्हाय ठेवले ताई. अब्बांच्या मासळीच्या पेटीतला बर्फ घेतला, चांगला फोडून, खाली-वर भरला. सकाळी पण बर्फ तसाच होता. सुरमई राहिली असती ताजी, एवढी काळजी घेतली."

मासळी ताजी राहिली असती, यात मला शंका नाही. त्या घरात जन्मलेल्या मुलीला बर्फ म्हणजे राखण, हे कुणी शिकवावं लागत नाही. पण रक्त मासळीसारखं नाही. रक्तपेशी पोटॅशियम आत धरून ठेवते ते एका पंपाच्या जोरावर, आणि तो पंप थंडीत बंद पडतो. पेशी फुटत नाही, सीरम लाल होत नाही, पण पोटॅशियम हळूहळू पाझरत राहतं. म्हणून ट्यूब आधी सेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा फिरवून सीरम पेशींपासून वेगळं करायचं आणि मगच थंड ठेवायचं. आधी फिरवणं, मग गारवा. हा क्रम उलटा झाला की निरोगी माणूस कागदावर मरणाच्या दारात उभा राहतो.

"तुला कोर्समध्ये हे सांगितलं नव्हतं?"

"कोर्समध्ये सेंट्रिफ्यूजचा फोटो होता ताई."

तिचा कोर्स सहा महिन्यांचा. 'सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन व्हा, शंभर टक्के नोकरी' अशी त्याची पत्रकं आमच्या स्टँडसमोरच्या खांबांवरही चिकटवलेली असतात.

मी बोर्लीच्या डॉक्टरांना फोन लावायला घेतला. सरांनी रिसीव्हरवर हात ठेवला.

"रिपोर्ट चुकीचा होता असं सांगणार? उद्यापासून ते श्रीवर्धनला सॅम्पल पाठवतील. मी बोलतो नंतर, नीट शब्दांत."

"सर, नंतर ड्रिप लागलेलं असेल."

त्यांचा हात तसाच राहिला. मी खिशातून माझा मोबाईल काढला.

डॉक्टर घाईत होते. "कॅल्शियम दिलंय. इन्सुलिन भरतोय. बोला पटकन."

"सर, इन्सुलिन थांबवा. तो सॅम्पल रात्रभर न फिरवता बर्फात होता. आकडा खोटा असण्याची शक्यता आहे."

"शक्यता? तुम्ही टेक्निशियन आहात की फिजिशियन?"

"टेक्निशियनच आहे सर. म्हणूनच सॅम्पलबद्दल बोलतेय. कालच्या बोर्लीच्या प्रत्येक माणसाचं पोटॅशियम सहाच्या वर आलंय. शाळकरी मुलाचंसुद्धा."

मग त्यांनी कुणाला तरी हाक मारली, "सिस्टर, सिरिंज खाली ठेवा. आधी ईसीजी."

पोटॅशियम खरंच चढलेलं असेल तर बहुतेकदा ईसीजीच्या रेघांमध्ये दिसतं. बहुतेकदा, नेहमी नाही. डॉक्टर परत फोनवर आले. "ईसीजी नॉर्मल वाटतोय. पण नुसत्या ईसीजीवर मी सोडणार नाही. नवीन सॅम्पल घ्या. तोपर्यंत पेशंट मॉनिटरवर राहील. रेघ जरा हलली तरी ड्रिप सुरू करेन. आणि तुमचं चुकलं तर मी तुमचं नाव घेईन."

"घ्या सर."

मी लगेच फोन करून शबानाला दवाखान्यात पाठवलं. शबानानं ताजं रक्त घेतलं, ट्यूब बर्फाशिवाय साध्या डब्यात ठेवली आणि स्वतःच स्कूटीवर बसून माणगावला निघाली. एसटीवर तिचा विश्वास उरला नव्हता. दरम्यान मी पनवेलला मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी दोनच वाक्यं उच्चारली. "कालचे बोर्लीचे सगळे सॅम्पल रद्द कर. आणि सावंतांना फोन दे."

सर आत जाऊन बोलले. दार लावून.

मी वाट बघत होते. वाट बघताना डोकं उलटंच चालतं. बाकीच्यांचं बर्फामुळे वाढलं असेल, पण चाचांचं मुळातच वाढलेलं असलं तर? ते सगळ्यांत म्हातारे. गोळ्या घेणारे. त्यांचाच आकडा सगळ्यांत मोठा. मी एका माणसाचं औषध थांबवलं होतं, आणि हातात पुरावा म्हणून शेजाऱ्यांचे आकडे होते.

शबाना आली तेव्हा घाटातल्या धुळीनं तिची ओढणी तांबडी झाली होती. मी ट्यूब फिरवली, सीरम लावलं. ती माझ्या खांद्यामागे उभी राहून काहीतरी पुटपुटत होती.

चार पॉईंट तीन.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "चाचा सकाळपासून भांडताहेत. म्हणतात, मला कालही काय झालं न्हवतं, आजही न्हाय, माझा चहा-नाश्ता तेवढा तुम्ही मारला." म्हणजे चाचा उपाशी होते. उपाशीपोटी इन्सुलिन, तेही गरज नसताना.

सॅम्पल श्रीवर्धनला गेले नाहीत. डॉक्टर अजून आमच्याकडेच पाठवतात. फक्त आता सावंत सरांनी फोटो पाठवला की ते आधी मला फोन करतात.

सरांना मात्र कुणावर तरी राग काढायचा होता. "त्या पोरीला काढून टाकतो."

"तिनं सेंट्रिफ्यूज बंद असल्याचं दोनदा सांगितलं होतं. तिच्या जागी येईल ती कुठल्या कोर्सची असेल?" मी विचारलं. सेंट्रिफ्यूज त्याच आठवड्यात दुरुस्त झालं. शबाना राहिली.

मग तिनंच मला विचारलं, "ताई, हे सगळं खरं कुठे शिकवतात?" ती बारावी सायन्स पास आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी सांगितलं : एक तर डीएमएलटी, म्हणजे डिप्लोमा, नाहीतर सरळ बीएस्सी एमएलटी, मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजीची डिग्री. प्रवेश घ्यायच्या आधी तीन प्रश्न विचार. मान्यता कुणाची आहे? हॉस्पिटलच्या लॅबमध्ये किती काळ उभं करणार? आणि तिथे सॅम्पल खरे असतात की फोटो? उत्तर देताना समोरचा नोकरीच्या गप्पा मारायला लागला तर पुढच्या दाराला जा. ती डिग्रीला गेली. आता दुसऱ्या वर्षाला आहे.

बोर्लीला तिच्या जागी नवीन मुलगी आली. कोर्स तोच, सहा महिन्यांचा. खांबावरची पत्रकं मी दोनदा फाडली, ती पुन्हा लागतात. म्हणून पहिले पंधरा दिवस मी तिला माणगावला ठेवून घेतलं. रक्त तिला नीट काढता यायचं. काढल्यावर ते ट्यूबमध्ये जिवंत असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या धंद्यातल्या बहुतेक चुका सुई बाहेर काढल्यानंतर होतात, आणि प्रमाणपत्र सुई बाहेर काढेपर्यंतचंच मिळतं.