वॉटर येऊन राह्यलं

माझं शुद्धलेखन चुकतं, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, आणि अक्षर म्हणजे कोंबडी पाय पुसून गेल्यासारखं. चौथीनंतर शाळा सुटली, हाताची सवय गेली. त्याबद्दल आधीच माफी मागते. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून वहीत लिहून ठेवते.

गावाबाहेर डांबरी रस्त्याला इंग्रजी शाळा आहे. तिथे मी मावशी आहे. झाडणं, लहान पोरांना लघवीला नेणं, पाणी देणं ही माझी कामं. पाणी हा शब्द इथे बिनधास्त लिहिते. शाळेत तो तोंडातून निघाला की दहा रुपये दंड होता. मराठीच्या प्रत्येक शब्दाला होता, पण लोक अडकायचे ते पाण्यापाशीच. ऑफिसच्या टेबलावर वरून भोक पाडलेला बिस्किटांचा डबा ठेवला होता. पोरांच्या खाऊचे पैसे त्यात जायचे, आमचे पगारातून कापले जायचे. हा नियम शाळेच्या मालकांनी काढला. त्यांना सगळे सर म्हणतात. ते शिकवत कधीच नाहीत, त्यांचं बियाण्याचं दुकान आहे. इंग्रजीचे चार शब्द ते पानाच्या विड्यासारखे गालात धरून बसतात आणि पाहुणा आला की पिचकारी मारतात.

मोठ्या मॅडम मात्र खऱ्या शिकलेल्या, पुण्याकडच्या. व्हरांडा झाडताना त्यांचा वॉटरचा धडा मी ऐकला. वॉटर म्हणजे प्यायचं. झाडांना घालणं म्हणजेसुद्धा वॉटरच, वेगळं ‘घालणं’ म्हणायची गरज नाही. तोंडाला सुटतं ते वॉटर, डोळ्यांना येतं ते वॉटर. समुद्राचं असेल तर वॉटर्स. मोठ्या वर्गात तर त्यांनी सांगितलं की इंग्रजीत काही सभ्य माणसं लघवीलाही वॉटर म्हणतात. पोरं खिदळली. मीही झाडू तोंडाशी धरून हसले. एवढ्या मिजाशीची भाषा, आणि प्यायला अन् मुतायला एकच शब्द.

पण एक गोष्ट मी डोक्यात पक्की बसवली. आपण जिथे जिथे पाणी म्हणतो, तिथे तिथे वॉटर म्हणायचं. मग दंड नाही.

मला दंड परवडणारा नव्हता. माझ्या सासूच्या डोळ्यांतून सारखं वॉटर गळायचं. पदराने पुसून पुसून खालच्या पापण्या सोलल्या होत्या. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नळी बंद आहे, छोटं ऑपरेशन करावं लागेल. त्यासाठी मी पगारातून बाजूला टाकत होते.

जानेवारीत गॅदरिंग होतं. मैदानात मंडप, भाड्याचे गालिचे, पाहुण्यांसाठी गाद्या, माणसाएवढे स्पीकर. दुपारी मी पोरांचे नाचाचे कपडे काढायला गच्चीवर गेले, तर डोंगराच्या अंगाने सगळं आभाळ काळं होऊन खाली उतरत होतं. मी धावत ऑफिसात गेले. मॅडम फोनवर होत्या.

“मॅडम, वॉटर येऊन राह्यलं,” मी म्हटलं.

त्यांनी फोनवर हात ठेवला. “येऊ द्या. टाकी भरली की बटन बंद करा.”

“मोठं येऊन राह्यलं, मॅडम.”

“चांगलंय ना मग.”

मला वाटलं, शिकलेल्या बाईला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आमच्याकडे नळाला येतं ते पाणी आणि आभाळातून येतं तेही पाणीच. त्यांच्याकडे आभाळातून येतो तो पाऊस. हे मला ठाऊक नव्हतं आणि त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी कपड्यांच्या घड्या घालत बसले.

गालिचे चिंब झाले, गाद्या फुगल्या, स्पीकर मुके झाले. मंडपवाल्याने भरपाई मागितली. मॅडम म्हणाल्या, मावशीने मला टाकी भरते म्हणून सांगितलं. मी सगळं सांगायला तोंड उघडलं, पण एवढी माणसं बघून ओला गालिचा पिळायला वाकले. सर ओरडले, “काऊन वं, आभाळ दिसत नाही का तुले?” रागात त्यांची इंग्रजी बियाण्याच्या पोत्यामागे जाऊन लपली होती. त्याचा दंड कोणी मागितला नाही. माझ्या मात्र दोन पगारांतून तीन हजार कापले. सासूचा डॉक्टर लांबला.

पुढे एका तक्त्यावर मी पाहिलं, पावसाचं चित्र काढून खाली मराठी अक्षरांत ‘रेन’ लिहिलं होतं. मुतापर्यंत पुरलेलं यांचं वॉटर नेमकं पावसापाशी आटलं होतं.

एप्रिलमध्ये नवीन ॲडमिशनवाले आईबाप ऑफिसात बसले होते. सर उन्हातून आले, खुर्चीत पडले आणि म्हणाले, “मावशी, पाणी आणा. घसा सुकून राह्यला.”

मी ट्रेमध्ये पेला ठेवला. मग टेबलावरचा डबा उचलून पेल्याशेजारी ठेवला आणि ट्रे त्यांच्यापुढे धरला. एवढं धाडस कुठून आलं, मला माहीत नाही. डब्यातली नाणी वाजली.

एका बापाने विचारलं, हा डबा कसला. मॅडमनी कौतुकाने नियम सांगितला. तो हसायला लागला. “मग टाका की सर, दहा रुपये.” सरांनी टाकले. त्याच्या बायकोने मात्र माझ्याकडे पाहिलं. “मावशी, तुमचेही कापतात का हो?”

“हाव,” मी म्हटलं. “पाणी येऊन राह्यलं, ते वॉटर म्हणून सांगतलं, त्याचे तीन हजार.”

मग तिने एकेक करून सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. मॅडम टेबलावरचे ॲडमिशनचे कागद सारखे करायला लागल्या. सर पटकन म्हणाले, क्लार्कची चूक झाली असेल, परत देऊन टाकू. शरम वगैरे काही नव्हती, समोर चार पोरांची फी बसली होती.

त्या दिवशी अर्धेच हातात पडले. उरलेल्यांसाठी क्लार्कने पुढच्या पगारापर्यंत थांबवलं. पुढचा पगार झाला तेव्हा त्याच्या टेबलापाशी उभी राहून मी थुंकी लावून नोटा मोजल्या. आधीचे अर्धे धरून कापलेले तीन हजार, आणि त्याआधी मराठी बोलल्याच्या दंडाचे नव्वद. पैसे पूर्ण फिटले.