अकरा नंबरचा डबा

"तुमच्या मिस्टरांना सेप्सिस झालाय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही हो मॅडम, पायाला पत्रा लागलाय त्यांच्या."

मला खरंच तसं वाटत होतं. हे आनंदनगरच्या एमआयडीसीत कामाला. तिथे पोटरीला पत्रा घासला, एवढासा ओरखडा. ह्यांनी हळद दाबली, फडकं गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी परत ड्युटीवर. मग पाय सुजला, लाल झाला, अंगात हुडहुडी भरली. मी डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचे, "तुला कशाचाही बाऊ करायची सवयच आहे." शेवटी एका दुपारी असंबद्ध बडबडायला लागले. मला ओळखेनात. शेजाऱ्यांनी उचलून गाडीत घातलं आणि आम्ही बदलापूरहून उल्हासनगरच्या हॉस्पिटलात आलो.

सेप्सिस म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. जखमेतले जंतू शरीरात पसरतात आणि त्यांच्याशी लढता लढता शरीर स्वतःचीच नासधूस करायला लागतं. बीपी पडतं, किडनी, फुप्फुसं, एकेक अवयव हात टेकतो. म्हणून सांगते, जखम केवढीशी का असेना, हुडहुडी, धाप आणि बोलण्यात फरक दिसला की निघा. नवऱ्याची परवानगी मागत बसू नका.

आमच्या शेजारच्या खाटेवर एक सिंधी शेठ होते. साखरेचे पेशंट, पायाची जखम चिघळलेली, निदान तेच. त्यांच्याजवळ त्यांची बायको उभी होती, लाजवंतीभाभी. उल्हासनगरात वस्त्यांना कॅम्प म्हणतात, त्यातल्या कॅम्प एकमध्ये त्यांचं पापडांचं दुकान. मला हे पुढे कळलं. त्या वेळी मला फक्त त्यांच्या हातातलं पेन दिसत होतं.

मॅडम आम्हा दोघींना एकदमच समजावत होत्या. "आमच्याकडे एक ट्रायल चालू आहे. ट्रायल म्हणजे औषधाची तपासणी. सेप्सिसच्या पेशंटला शिरेतून मोठ्या डोसमध्ये व्हिटॅमिन सी दिलं तर फायदा होतो का, ते आम्ही बघतोय."

माझं डोकंच फिरलं. "अहो, माणूस जायला टेकलाय आणि तुम्ही व्हिटॅमिन काय देताय? मग घरून आवळासुपारी आणते ना!"

बिचाऱ्या चिडल्या नाहीत. "अँटिबायोटिक, सलाइन, बीपीचं औषध सगळं चालूच राहणार, ते कुणाचंच थांबत नाही. हे त्याच्या वर. उपयोग होतो की नाही मलाही माहीत नाही. माहीत असतं तर विचारलं नसतं, सरळ दिलं असतं. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल."

मग त्यांनी पद्धत सांगितली. फ्रिजमध्ये नंबर घातलेले डबे. निम्म्यांत व्हिटॅमिन, निम्म्यांत प्लासिबो, म्हणजे दिसायला औषधासारखं पण नुसतं मिठाचं पाणी. बाटल्यांना काळा कागद. आत काय, ते देणाऱ्या नर्सलाही ठाऊक नाही. ज्याची सही आधी, त्याला पुढचा नंबर.

आधी लाजवंतीभाभी होत्या. पेन त्यांच्या हातात, कागद त्यांच्यापुढे. इतक्यात ह्यांच्या मशीनने ठणाणा सुरू केला, बीपी धाडकन खाली आलं. भाभींनी माझ्याकडे बघितलं. पेन माझ्या मुठीत कोंबलं. "पहले तू कर, अदी. तेरा वाला अभी जवान है."

सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. मी कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसते, म्हणून एवढं कळत होतं. मी सही केली. ह्यांना अकरा नंबरचा डबा मिळाला, शेठना बारा.

दोघेही आयसीयूत गेले. ह्यांना व्हेंटिलेटर लावला, म्हणजे घशात नळी घालून मशीनने श्वास. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर आमचा संसार मांडला गेला. भाभी घरून कोकी आणायच्या. कोकी म्हणजे कांदा-मिरची घातलेली जाड, खरपूस सिंधी पोळी. अर्धी मोडून माझ्या हातात द्यायच्या. मी नको म्हटलं की डोळे वटारायच्या. "भूखी मरेगी तो तेरेको भी अंदर डालेंगे. चल, खा."

त्या बाकड्यावर बसून आम्ही काय काय बोललो! आणि बोलायचं तरी काय, तर नवऱ्यांबद्दलच. शेठ दुकानातून दिवसातून दहादा हाक मारायचे, "लाजो, चाय!" त्या वैतागायच्या. आता म्हणत होत्या, "एक बार बुला ले. पूरी बाल्टी भर के चाय दूँगी."

मी त्यांना ह्यांच्या शिट्टीबद्दल सांगितलं. ड्युटीवरून येताना हे गल्लीच्या तोंडाशी शिट्टी वाजवतात. एक लांब, दोन आखूड. म्हणजे चहा टाक. लग्न झाल्यापासूनची रीत. मी म्हणायचे, शोभतं का हे? लोक हसतात. आणि आता मला त्या एका शिट्टीची अशी ओढ लागली होती की बाहेर कुणी रिक्षावाल्याने शिट्टी मारली तरी मी बाकड्यावरून उठून उभी राहायचे. घशात नळी असलेला माणूस शिट्टी कशी वाजवणार?

"बजाएगा," भाभी म्हणायच्या. "और मैं सुनने आऊँगी. मेरे को सुनाना पड़ेगा, समझी?"

भेटायच्या वेळेला आत गेलं की आम्ही आधी काळ्या कागदातली बाटली बघायचो. कागदाच्या कडेतून थेंब दिसतो का, रंग कसा आहे. एकदा नर्सने आम्हाला रंगेहाथ पकडलं आणि दोघींनाही असं झापलं की बाहेर येऊन आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. आयसीयूच्या दारात हसणाऱ्या दोन बायका! लोकांना वाटलं असेल, ह्यांना वेड लागलं.

मग ह्यांचं बीपी औषधाशिवाय टिकायला लागलं. लघवी सुटली, म्हणजे किडनी परत कामाला लागली. त्याच दिवशी सकाळी शेठ गेले.

मी भाभींना मिठी मारायला पुढे झाले. त्यांनी मला दूर केलं नाही, पण हातही उचलला नाही. माझ्या खांद्यावरून आयसीयूच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "ग्यारह नंबर उनका था." एवढंच. रागाने नाही हो. रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे घरी आले. पायावर मांडीची कातडी लावली, त्याला स्किन ग्राफ्ट म्हणतात. महिनोन्‌महिने भिंतीला धरून चालले. आणि एका संध्याकाळी गॅलरीत बसल्या बसल्या ओठांचा चंबू केला नि वाजवली. आधी नुसती हवा आली. मग एक लांब, दोन आखूड. मी कणकेच्या हाताने पळत बाहेर आले आणि तिथेच रडत बसले. ह्यांना वाटलं आनंदाने रडतेय. आनंद होताच, खोटं कशाला बोलू? पण ही शिट्टी ज्यांना ऐकवायची होती त्या कुठे होत्या?

मी फोन केले, कुणी उचलले नाहीत. कॅम्प एकमध्ये घर शोधून गेले. दारात त्यांच्या जाऊबाई आल्या, "वो किसी से मिलती नहीं." आत भाभींचा खोकला ऐकू आला. तशीच जिना उतरले. कारखान्यात कुणाच्या डब्यातून कोकीचा वास आला की माझा घास तोंडातच फिरायचा. मला सख्खी बहीण नाही. बाकड्यावर मिळाली होती, ती गेली. आणि जिवंत नवरा समोर जेवत असताना मनात यायचं, हा माणूस माझा आहे की उसना आणलाय?

वर्षभराने ह्यांच्या तपासणीला गेलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, "ट्रायल संपली. नंबर उघडले. तुम्हाला काय मिळालं होतं, जाणून घ्यायचंय का?"

ह्यांनी होकारार्थी मान हलवली.

"प्लासिबो," मॅडम म्हणाल्या. "मिठाचं पाणी. हे अँटिबायोटिकने आणि वेळेवर सुरू झालेल्या उपचारांनी वाचले."

"आणि बारा नंबर?"

"ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. त्यांच्या घरच्यांनी विचारलं तर त्यांना सांगेन. आणि व्हिटॅमिनने फरक पडतो असंही आमच्या ट्रायलमधून दिसलेलं नाही. अजून मोठ्या तपासण्या लागतील."

मी तिथूनच कॅम्प एक गाठलं. ह्यांना म्हटलं, तुम्ही खालीच थांबा, तीन जिने तुमच्या पायाला झेपायचे नाहीत. दार जाऊबाईंनीच उघडलं. ह्या वेळी मी ऐकणार थोडीच! त्यांच्या बाजूने आत घुसले.

भाभी खाटेवर बसल्या होत्या. केवढ्या वाळल्या होत्या! मी पाया पडले नाही, हालहवाल विचारली नाही, दारातूनच ओरडले, "भाभी, ग्यारह नंबर में पानी था!"

त्या खाटेवरून अर्ध्या उठल्या.

"नमक का पानी. कुछ नहीं था उसमें. आपने पेन नहीं दिया होता तो वो पानी शेठ को मिलता. आपने उनका कुछ नहीं दिया मेरे को, भाभी. कुछ भी नहीं."

"पानी?"

"पानी."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खूप वेळ खांदे हलत होते. मी जवळ जाऊन बसले, आणि या वेळी त्यांनी माझा हात धरला. असा धरला की माझ्या बांगड्या रुतल्या. "मैं रोज़ उनको बोलती थी, माफ़ कर दो, मैंने तुम्हारी दवा बाँट दी," त्या म्हणाल्या. "रोज़, अदी."

बाराचं काय, ते विचारायला जायचं का, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "नहीं. इतना बस है."

मग उठल्या. गॅसवर पापड भाजला, पाण्याचा ग्लास भरला आणि माझ्यापुढे ठेवला. सिंधी घरात पाहुण्याला आधी पापड आणि पाणी देतात. कडकड आवाज करत मी तो पापड खाल्ला आणि मला वाटलं, घरी आले.

आजारपणाने मला काय दिलं म्हणून कुणी विचारलं, तर मी डॉक्टर मॅडमचं नाव घेते, नर्सेसचं घेते, आणि मग भाभींचं. डब्यात काहीच नव्हतं, तरी माझ्यासाठी कुणीतरी आपला नंबर सोडला होता. तो सोडणं त्यांना त्या दिवशी जड गेलं नव्हतं, नंतर गेलं.

"तेरा वाला कहाँ है?" भाभींनी विचारलं.

"नीचे. जिना नहीं चढ़ पाता."

त्या गॅलरीत गेल्या. खाली हे स्कूटरला टेकून उभे, बिचारे घाबरून वर बघत होते. मी वरून ओरडले, "अहो, वाजवा!"

रस्त्यावर माणसं होती, ह्यांना लाज वाटली. तरी वाजवली. एक लांब, दोन आखूड. कठड्यावर हात ठेवून, डोळे मिटून भाभींनी ती शेवटपर्यंत ऐकली.

"एक बार और," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.