टापटीपरावांचा फ्रिज

माझ्या धाकट्या दिरांना आमच्या घरात सगळे मागून टापटीपराव म्हणतात. तोंडावर मी त्यांना भाऊजीच म्हणते, पण हे नाव मीच ठेवलेलं आहे आणि ते चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. दुसऱ्याच्या घरी गेले तरी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केल्याशिवाय हा माणूस खाली बसायचा नाही. चहा प्यायल्यावर कपाचा कान बशीवर कुठल्या बाजूला असावा, यालाही त्यांचा नियम होता.

नोकरीच तशी. फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात ते खोल्या मांडायचे. तीन भिंतींच्या खोल्या, चौथ्या बाजूनं गिऱ्हाईक बघणार. सोफा मांडायचा, उशीला वरून तळहाताची कड मारून बरोब्बर मधे खळगा पाडायचा, पलंगाशी सपाता ठेवायच्या, त्याही जोडीतली एक जरा पुढे, म्हणजे आत्ताच कोणी उठून गेलंय असं वाटावं. ‘खोलीत माणूस राहतोय असं वाटलं की गिऱ्हाईक विचारतं, वहिनी. रिकामी खोली कुणी विकत घेत नाही,’ असं ते सांगायचे. सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की मला थट्टा आवरावी लागायची.

मात्र ज्या खोल्या ते मांडत, त्यांतली एक वस्तू घ्यायची त्यांची ऐपत नव्हती. लग्नानंतर कितीतरी वर्षं ते, माझी धाकटी जाऊ आणि त्यांची मुलगी एका खोलीत भाड्यानं राहिले. दोन लोखंडी कॉट, एक कपाट आणि दोरीवर कपडे. सासूबाई आमच्याकडे असायच्या आणि रात्रंदिवस त्यांना धाकट्याचाच घोर. थोरल्याचं बरं चाललंय, धाकट्याचं कसं होणार, हे पालुपद मी भाजी चिरताना ऐकलंय, कपडे वाळत घालताना ऐकलंय, झोपेतही ऐकलं असेल.

शेवटी भाऊजींनी घर घेतलं. तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घर घेतलं आणि हात रिकामे झाले. चार भिंती आल्या, पण टेकायला खुर्ची नाही. तिथे त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली. दुकानातल्या खोल्या वरचेवर बदलायच्या आणि जुनं सामान नोकरमाणसांना भंगाराच्या भावात मिळायचं. त्यात खरं थोडं आणि दाखवायचं जास्त. टीव्ही म्हणजे काळ्या प्लॅस्टिकची पाटी. पुस्तकांचं कपाट म्हणजे पुस्तकांच्या नुसत्या पुठ्ठ्याच्या पाठी, एका ओळीत डकवलेल्या, सोनेरी अक्षरांसकट. आणि स्वयंपाकघरात ठेवायचा फ्रिज. त्याचं दार खरं, कप्पे खरे, बर्फाचा खणसुद्धा खरा, पण आत मशीन नाही. नुसतं खोकं. भाऊजींनी हौसेनं त्यात दार उघडलं की लागणारा दिवा बसवला.

हमाल तो फ्रिज एकट्यानं पाठीवर घेऊन तीन जिने चढला, तेव्हा खालच्या काकू तोंडात बोट घालून बघत राहिल्या होत्या. म्हणाल्या, काय ताकद असते एकेकाला.

यातलं मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. हे सगळं नंतर जावेनं सांगितलं. ती म्हणाली, ‘जाऊबाई, फसवायचं नव्हतं हो कुणाला. जागा भरून ठेवायची आणि पुढे एकेक खरी वस्तू आणायची, असं ठरलं होतं. तुम्ही सगळे याल तेव्हा गंमत म्हणून सांगणारही होतो.’ माझा तिच्यावर विश्वास आहे. वाईट माणसं नाहीत ती.

घर बघायला आम्ही गेलो तो दिवस मला लख्ख आठवतो. आमचे हे सोफ्यावर बसले आणि लगेच रिमोट शोधायला लागले. भाऊजींच्या ओठांवर हसू आलं होतं. आता सांगणार, इतक्यात सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. फ्रिजच्या दारावरून त्यांनी हात फिरवला, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवतात तसा, आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, ‘माझ्या धाकट्यानं सगळं केलं. आता मी डोळे मिटायला मोकळी.’

भाऊजींचं हसू तिथल्या तिथे विझलं. यांनी पुन्हा रिमोट मागितला तेव्हा ते म्हणाले, ‘दादा, कनेक्शन यायचंय अजून.’ झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ झाकून धरताना बोटांना कळ लागते, ते कुणी सांगत नाही.

घरी येताना मी यांना तोडून खाल्लं. तुमचा धाकटा भाऊ बघा आणि तुम्ही बघा. आमच्या फ्रिजचं दार तेव्हा दोरीनं बांधून ठेवावं लागायचं.

त्या घरात पुढे सगळंच जपून चाललं. पाहुण्यानं गार पाणी मागितलं की ‘फ्रिजच्या पाण्यानं घसा धरतो, माठातलंच घ्या.’ टीव्ही कायम बिघडलेला. एकदा मुलीच्या मैत्रिणीनं कपाटातलं पुस्तक ओढलं तर सगळी रांगच हातात आली, नुसती पोकळ. मैत्रीण पोट धरून हसली आणि दुसऱ्या दिवशी वर्गभर सांगत सुटली. तेव्हापासून मुलीनं कुणाला घरी आणलं नाही. बापाला ती काही बोलली नाही, पण तो खोलीत आला की ती उठून गॅलरीत जायची. भाऊजींना ते कळत होतं. कळत असूनही खरी वस्तू एकही येत नव्हती, कारण कधी मुलीचे क्लास, कधी जावेचं दाताचं दुखणं, कधी घराचाच काही खर्च.

मग त्या उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या छताचे पोपडे पडायला लागले. सगळं खरवडून नवं प्लास्टर करायचं ठरलं. घरभर धूळ होणार आणि सासूबाईंना धुळीनं दम लागतो. त्या स्वतःहून म्हणाल्या, ‘मी धाकट्याकडे जाते. आणि जमलं तर तिथेच राहीन म्हणते आता. तुम्ही पुष्कळ केलंत.’ मला जरा लागलं ते, पण खोटं कशाला बोलू, हायसंही वाटलं.

भाऊजी न्यायला आले. सासूबाईंना साखरेचा आजार, रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई. त्या स्वतःच टोचून घेतात. बाटल्या मी थंड पिशवीत घालून भाऊजींच्या हातात दिल्या आणि बजावलं, ‘घरी पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये ठेवा. या उन्हात बाहेर राहिलं तर औषधाचं पाणी होतं. त्यांचा जीव आहे त्यावर.’

‘हो वहिनी,’ भाऊजी म्हणाले. नुसतं ‘हो वहिनी’. त्या शब्दांचा मला आजही राग येतो. माझ्यासमोर उभं राहून, पिशवी हातात घेऊन एवढंच म्हणायचं होतं की वहिनी, माझा फ्रिज खोटा आहे. मी हसले असते, चिडले असते, फार तर चार दिवस टोमणे मारले असते.

घरी जावेनं विचारलं, आता काय करायचं? खालच्या काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवू या का? भाऊजी म्हणाले, ‘त्यांना काय सांगणार? आपला फ्रिज वर चढताना त्यांनी पाहिलाय.’ मग त्यांनीच तोड काढली. कामावर जायच्या आधी कोपऱ्यावरच्या बर्फवाल्याकडून बर्फ आणायचा, तो स्टीलच्या डब्यात घालायचा, डबा फ्रिजमध्ये आणि त्यात बाटल्या. सासूबाई आंघोळीला गेल्या की हा उद्योग उरकायचा. संध्याकाळी येताना पुन्हा बर्फ.

पण उन्हाळा तो. स्वयंपाकघर पश्चिमेचं, शेजारी शेगडी आणि वर दिवसभर बंद खोकं. दुपारपर्यंत बर्फाचं पाणी व्हायचं आणि पाण्याचं कोमट पाणी. दाराखालून ओघळ यायचा. जाऊ म्हणायची, ‘आई, बर्फ वितळवायला लावलाय, म्हणून पाणी येतंय.’ सासूबाई फडकं घेऊन पुसून काढायच्या. सून दुपारी पडली असली तर तेवढ्यासाठी उठवायच्यासुद्धा नाहीत.

हळूहळू त्यांना ग्लानी यायला लागली. सारखी तहान, सारखं बाथरूमला जाणं. बसल्या जागी डोळे मिटायचे. जाऊ घाबरली. भाऊजींना म्हणाली, ‘सांगून टाकू या हो. मला काही बरं दिसत नाही हे.’ भाऊजी म्हणाले, ‘उन्हाचं होतंय. दादाकडचं काम संपत आलंय. तोवर मी दुपारचाही बर्फ पोचवायची सोय करतो.’ आणि केलीही. जेवणाच्या सुट्टीत न जेवता, घामानं निथळत, बर्फाची पिशवी घेऊन हा माणूस तीन जिने चढायचा. एवढ्या कष्टात खरं बोलून झालं असतं. पण लाज ही अवघड जागेचं दुखणं आहे. माणूस कळ सोसतो आणि दाखवत नाही.

आणि एके दिवशी सकाळी सासूबाई पलंगावरून उठता उठता खाली कोसळल्या.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांना सलाइन लावलं होतं आणि त्या शुद्धीवर आल्या होत्या. तोंड कोरडं पडलेलं, ओठांना भेगा. खाटेच्या पायथ्याशी भाऊजी उभे होते. शर्टाचं एक बटण वरखाली लागलेलं. या माणसाचं बटण चुकलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, ‘साखर भयंकर वाढली होती. थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. इन्सुलिन घेत होता ना आजी?’

‘दोन्ही वेळा,’ सासूबाई म्हणाल्या.

‘मग असं व्हायला नको. औषध ठेवलं कुठे होतं?’

मी भाऊजींकडे पाहिलं, कारण मी त्यांनाच बजावलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी सासूबाईच बोलल्या.

‘फ्रिजमध्ये,’ त्या म्हणाल्या. ‘पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्येच होतं.’

‘मग बाटल्याच खराब निघाल्या असणार,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘ज्याच्याकडून घेतल्या त्याला विचारा जाऊन.’

आमचे हे तसे शांत, पण आईच्या बाबतीत नाही. ते ताडकन उठले. आमचा औषधवाला साधा माणूस, कितीदा त्यानं उधारीवर औषधं दिलेली. ‘आज त्याचं दुकान बंदच करतो,’ म्हणत हे निघाले. दारापर्यंत पोचले तेव्हा भाऊजी म्हणाले, ‘दादा, थांब.’

आवाज इतका बारीक होता की यांना ऐकू गेला नाही. मग ते पुन्हा म्हणाले, मोठ्यानं, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं, ‘दादा, त्याचं काही चुकलेलं नाही. आमचा फ्रिज खोटा आहे. दुकानातला आहे, दाखवायचा. आत काही नाही त्याच्या. टीव्हीपण खोटा आहे. सगळंच.’

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसून बघायला लागली. जावेनं पदर तोंडावर घेतला. मुलगी कोपऱ्यात उभी होती, तिनं भिंतीकडे तोंड केलं. हे दारातच उभे राहिले, आत यावं की बाहेर जावं हे न कळून.

सासूबाई मात्र फ्रिजच्या खोटेपणावर नाही, भाऊजींनी तो कबूल केला यावरच वैतागल्यासारख्या दिसत होत्या. ‘कशाला सांगितलंस?’ त्या पुटपुटल्या. ‘मी निभावून नेलं होतं.’

भाऊजी त्यांच्याकडे वळले. ‘म्हणजे तुला माहीत होतं?’

‘पहिल्याच संध्याकाळी बाटली काढायला दार उघडलं. दिवा लागला छान. पण आत हात घातला तर बाहेरच्यापेक्षा जास्त ऊन. डब्यात हे एवढंसं बर्फाचं पाणी. मग काय कळायचं राहतं?’

‘आणि तरी बोलली नाहीस?’

‘तू लपूनछपून बर्फ आणत होतास. मी बघायचे खिडकीतून. कसा धावत यायचास. म्हटलं, एवढं लपवतोय तर लपवू दे. मी बोलले असते तर तुझं तोंड कसं झालं असतं, ते मला बघवलं नसतं.’

‘अगं पण औषध बिघडलंय हे कळत होतं ना तुला?’ भाऊजींचा आवाज फाटला. ‘मग ती सुई टोचून कशाला घेत होतीस?’

सासूबाईंनी सलाइनचा हात जपून बाजूला ठेवला आणि काहीतरी अगदी साधं समजावून सांगावं तशा म्हणाल्या, ‘घेतली नसती तर तू विचारलं असतंस ना, का घेत नाहीस म्हणून.’

भाऊजी खाटेच्या कडेला बसले. आईच्या पायाला हात लावायला गेले आणि मधेच थांबले, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावतोय असं वाटून थांबावं तसे. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘वहिनी, इथून सुटल्यावर आईला तुमच्याकडेच न्या.’

सासूबाई नको म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नुसती मान डोलावली.