साडूंचं साउंड कार्ड

माझ्या साडूंना एखादी वस्तू विकणं ही दुकानदाराच्या पूर्वजन्मीच्या पापाची शिक्षा आहे, आणि ती वस्तू आणायला त्यांच्यासोबत जाणं ही माझ्या. अख्ख्या कोल्हापुरात त्यांच्याइतकं चिडून खरेदी करणारा दुसरा कुणी असेल, तर कृपा करून त्याची माझी गाठ घालून देऊ नका. साडू साखर कारखान्यात केमिस्ट होते. आता निवृत्त होऊन कळंब्याला राहतात, पेटी वाजवतात आणि उरलेला वेळ संतापतात. मागं एकदा नवाकोरा पंखा त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुकानात परत नेला, कारण त्याची घरघर तंबोऱ्याशी जुळत नव्हती. "काका, वारा देतोय की," दुकानदार काकुळतीला येऊन म्हणाला. "वारा खिडकीतनं बी येतोय," साडू गरजले, "पण खिडकी बेसूर न्हाय!" मी शेजारीच उभा होतो. दुकानातल्या लोकांनी मलाही त्यांच्यातलाच धरलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

अशा माणसानं साउंड कार्ड घ्यायचं मनावर घेतलं. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. अक्का भजनात गायला लागली की समोरची माणसं आपोआप ताठ बसतात, असा तिचा गळा. तिची भजनं घरीच, नीट, माइक लावून रेकॉर्ड करायची हे साडूंच्या डोक्यात आलं. मी म्हटलं, मोबाइल आहे की. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी दुधात पाणी घालताना सापडलोय. साउंड कार्ड म्हणजे वहीएवढा एक डबा. त्यात एका बाजूला माइक खुपसायचा, दुसऱ्या बाजूची वायर कॉम्प्युटरला जोडायची, की झालं. पण 'की झालं' हे शब्द साडूंच्या आयुष्यात नाहीत. ते सकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसून जगभरच्या लोकांचे व्हिडिओ बघायला लागले आणि त्या लोकांशी भांडायला लागले. "ह्यो गिटार वाजवून दावतोय! मला काय गिटार घ्यायचीय व्हय?" शेवटी त्या परदेशी माणसाच्या इंग्रजी व्हिडिओखाली त्यांनी मराठीत लिहिलं, 'पेटी लावून दाखवा, मग बोला.' त्या सज्जनानं काय समजायचं ते समजून खाली अंगठ्याचं चित्र टाकलं. साडू दिवसभर जेवले नाहीत. "अंगठा दावला मला, पावणं! सातासमुद्रापलीकडनं अंगठा दावला!"

मग सुरू झाल्या राजारामपुरीतल्या दुकानाच्या वाऱ्या. स्कूटर त्यांची, मागच्या सीटवर मी आणि माझ्या मांडीवर पेटी. पहिलं कार्ड जोडलं. साडूंनी कानाला हेडफोन लावून 'सा' लावला आणि तोंड उघडं ठेवूनच थांबले. "माझाच आवाज मला उशिरा ऐकू येतोय!" दुकानदार म्हणाला, "काका, त्याला लेटन्सी म्हणतात. सेटिंग केलं की कमी होती." "काय बी म्हणा, उशीर त्यो उशीरच की! आवाज माझ्या तोंडातला, कान माझा, आणि मधल्या मधी ह्यो जयसिंगपुरास्नं एसटीनं येतोय!" दुसऱ्या कार्डात बारीक चरचर होती. "आत कोण कांदा परततंय?" तिसऱ्याला माइकसाठी एकच भोक. "म्हंजे हिनं गायचं आणि मी पेटी काय मनातल्या मनात वाजवायची?" दरवेळी कार्ड तिथंच ठेवून आम्ही परत. दुकानदार गरीब स्वभावाचा, चहा पाजायचा. मला त्याची दया यायची आणि माझीही.

इथपर्यंत मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच सुमारास अक्काच्या गळ्याला गाठ निघाली. थायरॉइडची. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण ऑपरेशन करावं लागेल आणि लांबवू नका. अक्का गाते हे कळल्यावर ते जरा थांबून म्हणाले, बोलण्यावर सहसा परिणाम होत नाही. वरचे सूर मात्र कधी कधी नाजूक होतात. आणि हा माणूस घरी येऊन काय म्हणाला? "आधी कार्ड. मग रेकॉर्डिंग. मग ऑपरेशन." असं म्हणून पुन्हा व्हिडिओ लावून बसला! डॉक्टरांनी दिलेली तारीख त्यांनी पुढं ढकलायला लावली, का तर कार्ड ठरलेलं नाही. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. वयाचा मान बाजूला ठेवून मी ओरडलो, "साडू, तुम्हाला बायको पाहिजे का डबा?" व्हिडिओतला माणूस तेवढा बोलत राहिला.

उत्तर अक्कानं दिलं. तिनं पदर खोचला, मला म्हणाली, "पावणं, चला. स्कूटर काढा." दुकानात ती कशावरच बसली नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "भाऊ, दोन भोकांचं कुठलं हाय? त्यातला त्यो हिरवा द्या. टीव्हीजवळ बरा दिसंल." खरेदी आटोपायला चहा निवण्याएवढाही वेळ लागला नाही. दुकानदारानं हात जोडले ते तिला की देवाला, कळलं नाही. घरी साडूंनी डबा बघितला, ओठ घट्ट मिटले आणि निमूटपणे वायरी जोडायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी खिडक्यांवर वाकळा टांगल्या. पंखा बंद, फ्रीज बंद, त्यात दूध नासलं. शेजाऱ्यांची म्हैस हंबरली तेव्हा साडू तिच्याशीही भांडून आले. पण अक्का गायली. घामानं निथळत गायली, एकामागून एक. त्या दिवशी तिचा वरचा षड्ज असा लागला की वायरीवर लक्ष ठेवायला बसवलेला मी वायर विसरलो.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर साडू माझ्याशेजारी बसले होते. लिफ्ट खडखडत होती, कुठलंतरी यंत्र सारखं टुकटुकत होतं, एक पाहुणा मोठ्यानं फोनवर बोलत होता. साडू कुणावरही चिडले नाहीत. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

अक्का बरी झाली. बोलू लागली, आमची खरडपट्टी काढू लागली. काही महिन्यांनी एका दुपारी आम्ही गेलो, तर पेटी मांडलेली, कार्डाचा दिवा लागलेला. साडूंनी कानाला हेडफोन लावून अक्काची नेहमीची पट्टी, काळी चार, धरली. अक्का चढत चढत वर गेली आणि वरच्या 'सा'शी आवाज फाटला, नुसती हवा आली. तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. ती मांडीवरच्या हातांकडं बघत बसली. माझी बायको पाणी आणायला म्हणून आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

साडूंनी हेडफोन काढून जमिनीवर आपटला. "बघितलं? वरचा सा गिळतंय हे कार्ड! उद्या जाऊन त्या दुकानदाराला बघतोच. असला माल विकतोय गावाला!"

त्या कार्डात काही दोष नव्हता. मी तसं म्हणायला तोंड उघडलं होतं. अक्कानं मान वर करून नवऱ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "व्हय की. मीच आणलंय न बघता. मला काय कळतंय त्यातलं?"

"तर! आता ह्याला झेपंल तसंच घ्यायचं," असं पुटपुटत साडूंनी खालच्या पट्टीत, काळी दोनवर बोट ठेवलं. अक्का गायली. आवाज खाली आला होता, थोडा जाडसर झाला होता, आणि साडू डोळे मिटून पेटी वाजवत होते.

ऑपरेशनआधीचं रेकॉर्डिंग त्यांनी तिच्यासमोर आजवर लावलेलं नाही. कार्ड बदलायलाही ते कधी गेले नाहीत. आम्ही कळंब्याला गेलो की आधी अर्धा तास त्या कार्डाला शिव्या देतात, आणि मी, खरं काय ते माहीत असलेला माणूस, जोरजोरात मान डोलावतो.