आइसलँडच्या म्युझियममधलं करंजीचं कातण

आइसलँडहून इथे येऊन वसलेल्या लोकांचं म्युझियम बघायला मी कशाला गेले असते? पण रिटायर झाल्यापासून ह्यांना ड्राइव्ह करायला नुसतं निमित्त लागतं. म्हणून बॉथेलच्या आमच्या घरून थेट कॅनडाच्या बॉर्डरजवळच्या त्या गावात गेलो. आत लोकरीचे मोजे, चरखा, जाडजूड बायबल... आणि काचेच्या कपाटात माझं कातण!

करंजीची कड कापायचं, पितळी चाकाचं. आईनं लग्नात दिलेलं. आधीचं रेडमंडचं घर सोडताना ह्यांनी चुकून ते ठेवलेला खोका डोनेशनमध्ये देऊन टाकला आणि पुढच्याच वर्षी आई गेली. तेव्हापासून दर दिवाळीला मी करंज्यांच्या कडा काट्याने दाबते आणि ह्यांचा उद्धार करते.

म्युझियम सांभाळणाऱ्या आजीबाईंनी कौतुकाने कपाट उघडलं. ख्रिसमसला त्यांच्याकडे पापडासारखी पातळ पोळी लाटतात, असल्याच चाकाने तिच्यावर नक्षी कापतात आणि तळतात म्हणे. त्यांच्या आईचं चाक घराला आग लागली तेव्हा गेलं. हे कुणीतरी सेकंडहँड दुकानातून आणून दिलं.

"दांड्यावर आमची जुनी लिपी आहे," त्या म्हणाल्या. "वाचता कुणालाच येत नाही. पण हातात घेतलं की मला माझी आई आठवते."

जुनी लिपी कसली डोंबलाची! भांडीवाल्याने ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं 'आईकडून'.

माझं डोकंच चालेना. मागावं? ह्या म्हातारीच्या हातातून काढून घ्यायचं? आणि नाही मागितलं, तर मी कोण मोठी दानशूर लागून गेले? इकडे हे कोपराने ढोसतायत, "अगं, सांग की!"

"आईकडून, असं लिहिलंय," मी म्हटलं.

आजीबाईंचे डोळे भरून आले. "तुम्हाला आमची लिपी येते?"

"येते थोडीफार," मी बोलून गेले. का, ते माझं मलाच कळलं नाही.

परतताना गाडीत मी ढसाढसा रडले. ह्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. बरं केलं की शुद्ध मूर्खपणा, अजून उमगत नाही.

आजीबाईंनी डिसेंबरात पोळ्या कापायला बोलावलंय. मी जाणार आहे, जाताना सारणाचा डबाही नेणार आहे. आईचं कातण हातात यायला आता आइसलँडच्या पोळ्या लाटाव्या लागणार असतील, तर लाटीन.